२६९ चौरस फूट आणि सहा किलोंचा ससा

मराठीत 'ससेहोलपट' असा एक फार बोलका शब्द आहे. चहूकडून घेरलेला ससा जसा इकडून तिकडे अन् तिकडून इकडे धावत सुटतो, तशी माणसाची गत झाली की आपण हा शब्द वापरतो. मी मात्र गेली तीन वर्षे या शब्दाचा उलटा अर्थ अनुभवीत आहे. आमच्या घरी ससा आपल्या जागी पाय ताणून स्वस्थ पडलेला असतो आणि होलपट होते ती आम्हां पाच माणसांची.

संपादक मंडळातील एका मित्राने "तुझ्या त्या सशावर काहीतरी लिही, विनोदी होईल," असे सुचविले. विनोदी लिहिणे मला साधत नाही. परंतु मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी आहे आणि माझ्यापाशी एक हिशेबाची वही आहे. ती वही कशी अस्तित्वात आली हे पुढे येईलच. वर्गातल्या निदान चार-पाच जणांनी तरी मला "ससा कुठे मिळतो रे?" असे विचारलेले आहे. त्यांना एकदाच काय ते सविस्तर सांगावे, एवढाच या लेखाचा हेतू.

२०२२ च्या दिवाळीत बाबांना बोनस मिळाला आणि धाकट्या भावाने ससा मागितला. एका दुकानातून दोन महिन्यांचे करड्या रंगाचे पिल्लू १,२०० रुपयांना आणले. दुकानदार म्हणाला, "एवढाच राहतो, फार तर मांजराएवढा होईल." तळहातावर मावत होता म्हणून आजीने त्याचे नाव गोट्या ठेवले. वाण्याच्या काट्यावर त्याचे वजन भरले ९०० ग्रॅम. चौथ्या महिन्यात ते तीन किलो झाले, आठव्या महिन्यात साडेपाच, आणि आज गोट्या सहा किलो दोनशे ग्रॅमचा आहे. पाय ताणून झोपला की नाकापासून शेपटीपर्यंत अडीच फूट भरतो. दुकानदाराने कोणते मांजर डोळ्यांसमोर ठेवले होते, कोण जाणे.

सशांत इतके मोठे वाण असतात हे आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हते. सर्वांत प्रसिद्ध तो 'फ्लेमिश जायंट', मूळचा बेल्जियममधल्या फ्लँडर्सचा. अमेरिकन ससापालकांच्या संघटनेच्या मानकाप्रमाणे या वाणाचा प्रौढ नर किमान १३ पौंड आणि मादी किमान १४ पौंड, म्हणजे साधारण सहा ते साडेसहा किलोंची असावी लागते. कमाल मर्यादा ठेवलेलीच नाही. आपल्या देशात 'व्हाइट जायंट', 'ग्रे जायंट', 'सोव्हिएत चिंचिला' हे थोराड ससे आले ते मांस आणि कातडीसाठी. राजस्थानातील अविकानगरच्या केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेने त्यांच्यावर बरेच काम केले आहे. थोडक्यात, हा प्राणी माणसाने वाढवला तो ताटासाठी, दिवाणखान्यासाठी नव्हे. जर्मनीतल्या कार्ल श्मोलिन्स्की नावाच्या वृद्ध ससेपालकाने २००६ च्या सुमारास आपले असे १२ अजस्र ससे उत्तर कोरियाला पैदाशीसाठी दिले होते. ते सगळे कोणाच्या तरी जेवणात संपले असावेत, असा संशय पुढे त्याने स्वतःच बोलून दाखविला. गोट्या कोणत्या कुळातला हे आमच्या डॉक्टरीणबाईंनाही छातीठोकपणे सांगता येत नाही. कुठल्या तरी थोराड वाणाचा संकर असावा, असे त्या म्हणतात.

येथे एक भाषिक अडचण सांगितली पाहिजे. मराठीत 'ससा' हा एकच शब्द दोन निराळ्या प्राण्यांना लावला जातो. मुलुंड आणि बोरिवलीच्या मध्ये पसरलेल्या राष्ट्रीय उद्यानात जो ससा आढळतो तो रानससा. तो बीळ करीत नाही, गवतात नुसती खळगी करून बसतो. त्याची पिल्ले अंगावर केस आणि उघडे डोळे घेऊनच जन्मतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो संरक्षित आहे, त्याला घरी पाळता येत नाही. दुकानात मिळतो तो मूळच्या युरोपातल्या, बिळात राहणाऱ्या सशाचा वंशज. त्याची पिल्ले आंधळी आणि उघडी जन्मतात. रान त्याला परके आहे. 'शशांक' म्हणताना आपण चंद्रावर जो पाहतो तो पहिला, आणि आमच्या दिवाणाखाली आहे तो दुसरा. हा फरक मला आधी केवळ शास्त्रीय वाटत असे. तो पुढे घरात वादाचा विषय झाला.

आता जागेविषयी. पिल्लाबरोबर आम्ही १,८०० रुपयांचा तारेचा पिंजरा घेतला होता, अडीच फूट लांब आणि दीड फूट रुंद. चौथ्या महिन्यात गोट्याला त्यात वळता येईना. पायांखाली तार असल्याने मागच्या टाचांवरचे केस झडून कातडी लाल झाली. कुत्र्या-मांजरांच्या पायांना गाद्या असतात, सशाच्या पायांना नसतात. तिथे केवळ दाट केस असतात, आणि जितके वजन जास्त तितकी ती जखम लवकर होते. म्हणजे जायंट सशाला तारेची जमीन सर्वांत वाईट. गुळगुळीत फरशीही बरी नव्हे, कारण तिच्यावर पाय घसरतात. आम्ही सतरंजी घालून पाहिली, त्याने ती चार दिवसांत कुरतडली. सुताचे लांब धागे पोटात जाणे धोक्याचे असते. शेवटी आजीने जुन्या लुगड्यांच्या दाट टाक्यांच्या दोन गोधड्या दिल्या. घट्ट शिवण त्याला उसवता येत नाही, आणि एक धुतली की दुसरी घालता येते. परदेशातले गालिचे आणि चटया यांचे पुष्कळ वर्णन मी वाचले आहे, पण गोधडीला तोड नाही.

किती जागा लागते? युरोपात प्रयोगशाळेतल्या प्राण्यांसाठी २०१० साली जे नियम झाले, त्यांत पाच किलोंवरच्या सशाला किमान ५,४०० चौरस सेंटिमीटर जमीन आणि ६० सेंटिमीटर उंची सांगितली आहे. म्हणजे पावणेसहा चौरस फुटांहून थोडी अधिक. आमचा पिंजरा पावणेचार चौरस फुटांचा होता! आम्ही लाडाने आणलेल्या सशाला प्रयोगशाळेतल्या सशाहून कमी जागा दिली होती, हे लक्षात आले तेव्हा मला खरोखर शरम वाटली. आपल्याकडे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातही, हालचालीला पुरेशी लांबी, रुंदी आणि उंची नसलेल्या पिंजऱ्यात प्राणी ठेवणे हा अपराध मानला आहे. मूळ कायद्यात पहिल्या अपराधाला दंड ५० रुपयांपर्यंत होता, ही गोष्ट वेगळी.

पण प्रयोगशाळेचा नियम म्हणजे किमान. घरी पाळलेल्या सशांसाठी इंग्लंडमधील ससेकल्याण संस्था सांगते ती जागा १० फूट लांब, ६ फूट रुंद आणि ३ फूट उंच, म्हणजे ६० चौरस फूट. तीही सामान्य आकाराच्या जोडीला. आमचा एकटा गोट्या वजनाने त्या जोडीच्या बरोबरीचा आहे. सशाला सलग तीन-चार उड्या मारता आल्या पाहिजेत आणि मागच्या पायांवर उभे राहून कान न मोडता पाहता आले पाहिजे, असा त्यामागचा विचार आहे.

आता आमचे घर. आम्ही राहतो ती मुलुंडची इमारत झोपडपट्टी पुनर्वसन योजनेतली. या योजनेत आधी २२५ चौरस फूट मिळत, मग २६९ झाले, आता ३०० मिळतात. आम्हांला मधले २६९ मिळाले. राहणारी माणसे पाच: आजी, आई, बाबा, भाऊ आणि मी. २६९ भागिले ५ म्हणजे माणशी ५४ चौरस फूट. सशाची शिफारस ६०. हा भागाकार मी एका रात्री जेवताना मोठ्याने वाचून दाखविला. बाबा हसले नाहीत.

मार्ग निघाला तो सशाच्या स्वभावातून. ससा दिवसभर धावत नाही. तो पहाटे आणि संध्याकाळी चपळ असतो, दुपारी आणि मध्यरात्री बहुतेक पडून राहतो. तेव्हा त्याला दिवसभर ६० चौरस फूट देण्याऐवजी दिवसातून काही तास सबंध खोली द्यावी, असे ठरले. लोखंडी जाळीचे आठ पाखे आणून (रुपये २,६००) दिवाणाला लागून चार फूट बाय चार फुटांचे कुंपण केले. ही १६ चौरस फूट जागा कायमची त्याची, त्यात दिवाणाखालचा अंधारा भाग धरून. सशाला लपायला अंधारी जागा लागतेच. पहाटे पाच ते सात, म्हणजे आई पाणी भरते तेव्हा, आणि रात्री आठ ते दहा कुंपण उघडे असते. त्या वेळात जमिनीवर काही ठेवायचे नाही. वायरी पांढऱ्या पाईपात घातल्या आहेत, कारण चार्जरच्या दोन वायरी आणि इंटरनेटची एक त्याने आधीच तोडली होती. सशाचे दात आयुष्यभर वाढत राहतात, त्यामुळे कुरतडणे ही त्याची खोड नसून गरज आहे. हे वाक्य मी भावाला पाठ करून दिले आहे, तरी तो ओरडतोच.

जागेहून अवघड प्रश्न उन्हाळ्याचा. सशाला घाम येत नाही. अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांतून बाहेर टाकतो. पारा २८-३० च्या वर गेला की त्याला त्रास सुरू होतो. त्यात जायंट सशाचे दुखणे वेगळे. उकडलेला लहान बटाटा लवकर निवतो, मोठा बटाटा आतून तासभर कढत राहतो, कारण आकार वाढला की वजनाच्या मानाने बाहेरची कातडी कमी पडते. मुंबईत मे महिन्यात दुपारी ३३-३४ अंश, रात्रीही पारा फारसा उतरत नाही, आणि हवा दमट. विदर्भात चालतो तो कूलर इथे निरुपयोगी आहे. कूलर गारवा देतो तो पाण्याच्या वाफेतून, आणि जी हवा आधीच ओली आहे ती आणखी वाफ घेणार कशी? वातानुकूलन यंत्र आम्हांला परवडत नाही. मग आम्ही काय करतो? ओटा घातला तेव्हा उरलेला कडाप्प्याचा तुकडा कुंपणात ठेवला आहे, गोट्या दुपारभर त्याच्यावर पोट टेकून असतो. पाण्याने भरून गोठविलेल्या दोन बाटल्या फडक्यात गुंडाळून आळीपाळीने बाजूला ठेवतो. कानांना ओला हात लावतो. आणि पंखा दिवसरात्र. पावसाळ्यात निराळीच तऱ्हा. गवताला बुरशी लागते, ते टाकून द्यावे लागते. ओल्या, मळलेल्या केसांत माशी अंडी घालते आणि अळ्या जिवंत कातडीत शिरतात. म्हणून त्या चार महिन्यांत रोज त्याला उताणे न करता, मागून उचलून तपासावे लागते. सहा किलोंचा ससा उचलणे हे दोन माणसांचे काम आहे. मागच्या पायांना आधार दिला नाही आणि त्याने हिसका मारला, तर त्याचा कणा मोडू शकतो.

गोट्याच्या पहिल्या वाढदिवसाच्या सुमारास तो तोंडात गवत धरून दिवाणाखाली नेऊ लागला आणि गळ्याखालचे केस उपटून त्याची गादी करू लागला. आम्हांला वाटले, काही रोग जडला. आजीने मात्र पाहताक्षणी सांगितले, "अरे, ही बाळंतपणाची तयारी आहे." डॉक्टरीणबाईंनी तिला दुजोरा दिला. गोट्या मादी होता. नर कधी जवळ आलाच नव्हता, हा केवळ खोटा गर्भ. परंतु वय वाढलेल्या माद्यांत गर्भाशयाचा कर्करोग फार आढळतो, म्हणून गर्भाशय काढून टाकणे हिताचे, असे त्यांनी समजावले. शस्त्रक्रियेला ७,००० रुपये लागले. नाव तेच राहिले आणि क्रियापदेही. व्याकरण शिकविणाऱ्या प्राध्यापकांची मी येथे क्षमा मागतो.

वही अस्तित्वात आली ती त्याच सात हजारांमुळे. बाबा एका कंपनीत स्टोअरकीपर आहेत, नोंद नसलेला खर्च त्यांना सहन होत नाही. त्यांनी दोनशे पानी वही आणून माझ्यापुढे ठेवली. तीतून सध्याच्या एका महिन्याचे आकडे देतो. परदेशातून येणारे टिमथी नावाचे सुके गवत दोन किलो, ५५० रुपये दराने १,१०० रुपये. हिरवे गवत, रोज २० रुपयांची पेंढी, ६०० रुपये. देवळाबाहेर गाईला घास घालण्यासाठी पेंढ्या विकणाऱ्या मावशींकडून मी ती घेतो. "तुमची गाय घरात बांधता काय?" असे त्यांनी एकदा विचारले होते. कोथिंबीर, मेथी वगैरे पाला ४५० रुपये. मुळ्याचा आणि फ्लॉवरचा पाला भाजीवाला फुकट देतो, तो यात धरलेला नाही. गोळीचा दाणा दोन किलो ५०० रुपये. पंखा रात्री आमच्यासाठी चालू असतोच, गोट्यासाठी जादा चालतो तो दिवसाचे सुमारे १४ तास. ७५ वॉटच्या पंख्याला त्याचे महिन्याला ३१ युनिट होतात आणि वरच्या टप्प्याच्या दराने ३५० रुपये पडतात. एकूण ३,००० रुपये. मलमूत्राच्या खोक्यात घालायला घरची रद्दी जाते, तेव्हा रद्दीवाल्याकडून जे यायचे तेही बुडते, पण ते बाबांनी माफ केले आहे.

तीन हजारांचा अर्थ नीट पाहावा. दिवसाला १०० रुपये. म्हणजे ससा विकत घेतला ती १,२०० रुपयांची रक्कम त्याच्या अवघ्या बारा दिवसांच्या पोषणाइतकी होते. दुकानात आपण जी किंमत विचारतो ती खरी किंमत नव्हेच. मोठ्या वाणाचे ससे साधारण पाच ते आठ वर्षे जगतात (लहान वाणांचे त्याहून अधिक). सहा वर्षे धरली तरी नुसत्या पोषणाला २,१६,००० रुपये होतात, आणि यात औषधपाणी नाही. गाजर खाऊन ससा स्वस्तात जगतो, ही समजूत बालगोष्टींतली. गाजरात साखर फार, ते बोटाच्या पेराएवढे पुरे. त्याचे खरे अन्न गवत. गवताने दात झिजतात आणि आतडे चालते. भाताचा पेंढा स्वस्त मिळतो, पण त्यात सत्त्व नाही. लसूणघास मिळते, पण तिच्यात कॅल्शियम जास्त असल्याने ती पिल्लांना ठीक, प्रौढाला नव्हे.

औषधपाण्याचा अनुभव गेल्या मे महिन्यातला. एका रविवारी सकाळी गोट्याने कोथिंबिरीला तोंड लावले नाही, आणि खोक्यात एकही लेंडी नव्हती. सशाला उलटी करता येत नाही. त्याचे आतडे थांबले की आत वायू धरतो आणि बारा तासांत प्रकरण जिवावर बेतते. जवळच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी प्रामाणिकपणे सांगितले, "मी कुत्री-मांजरे पाहतो, सशाची माहिती असलेल्यांकडे न्या." हे त्यांचे उपकारच झाले. कारण तोंडावाटे दिलेले पेनिसिलिनसारखे औषध किंवा कुत्र्यांच्या गोचिडांवरचा फिप्रोनिलचा फवारा सशाच्या जिवावर बेततो. जनावरांची जुनी मोठी ठिकाणे परळला आहेत: बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय आणि १८८६ पासूनचे पशुवैद्यकीय महाविद्यालय. पण रिक्षा शीवच्या पुढे जात नाही, म्हणून आम्ही शस्त्रक्रिया केलेल्या अंधेरीच्या डॉक्टरीणबाईंनाच फोन केला. टोपली, टोपलीत गोठलेली बाटली, आणि पवईवरून भर दुपारची रिक्षा. जोगेश्वरीच्या रस्त्यावर वाहने तुंबली तेव्हा त्याचा श्वास इतका जलद चालला होता की भाऊ रडू लागला. क्ष-किरण, दोन इंजेक्शने, शिरेतून पाणी: रुपये २,९००. जाण्यायेण्याची रिक्षा ६५०. घरी आल्यावर दाणा भिजवून केलेली पेज दर तीन तासांनी सुईविना सिरिंजने तोंडात घालायची होती. ते काम तीन रात्री आजीने केले. चौथ्या दिवशी पहाटे तिने आम्हां सर्वांना उठविले. खोक्यात सात लेंड्या होत्या. आमच्या घरी इतक्या आनंदाने पूर्वी कशाचे स्वागत झाल्याचे मला आठवत नाही.

त्याच आठवड्यात बाबांनी विषय काढला. त्यांचे म्हणणे रागाचे नव्हते. "साडेतीन हजार एका दिवसात गेले. त्याला इथे उकडते, आपल्याला जागा नाही. डोंगर मागेच आहे, तिकडे सोडला तर मोकळा तरी जगेल." आजूबाजूचे लोकही असेच करतात. आरे कॉलनीत किंवा उद्यानाच्या कुंपणापाशी ससे सोडून येतात आणि समाधानाने घरी परततात. तेव्हा मला वर सांगितलेला रानसशाचा आणि पाळीव सशाचा फरक मांडावा लागला. गोट्याला शत्रू ओळखता येत नाही, बीळ करायला ती जमीन त्याची नव्हे, आणि त्या डोंगरात बिबटे आहेत. शिवाय उपासमार होईल अशा स्थितीत प्राण्याला टाकून देणे याच १९६० च्या कायद्याने अपराध आहे. बाबांनी ऐकून घेतले आणि विचारले, "मग पैसे?" त्यांचा प्रश्न बरोबर होता. आता मी संध्याकाळी चार मुलांची शिकवणी घेतो, तिचे २,८०० रुपये वहीत जमेच्या बाजूला लिहितो. उरलेले २०० आजी आपल्या पेन्शनीतून देते आणि कोणी विचारले तर नाही म्हणते.

पैशांचा प्रश्न असा मिटला, जागेचा मिटलेला नाही. अर्थशास्त्रात 'संधी परिव्यय' म्हणून एक संकल्पना आहे. एखादी वस्तू एका कामी लावली की दुसऱ्या कामाला ती मुकते, ते मुकणे म्हणजे तिची खरी किंमत. वर्गात उदाहरण नेहमी गहू आणि पोलादाचे असते. आमच्या घरी उदाहरण असे की, भाऊ यंदा दहावीला आहे आणि त्याच्या टेबलाला लागते ती जागा नेमकी गोट्याच्या १६ चौरस फुटांतली आहे. भावाने स्वतः टेबल नको म्हटले आहे. तो पहाटे पाचला, कुंपण उघडल्यावर, दिवाणावर बसून अभ्यास करतो आणि गोट्या त्याच्या वह्यांचे कोपरे खातो. आईला हे पसंत नाही. मागच्या रविवारी तिने आणि मी टेप घेऊन खोली पुन्हा मोजली. शिवणयंत्र स्वयंपाकघरात नेले तर दोन फूट निघतात. शिवणयंत्र आईचे आहे, त्यामुळे निर्णय तिचा आहे आणि तो अजून तिने दिलेला नाही.